पंधरा वॅटचा कागद

गिटारच्या कॅबिनेटमध्ये जो बारा इंची स्पीकर बसलेला असतो, त्याचं घराणं रेडिओचं. बैठकीच्या खोलीत बातम्या आणि नाटकं ऐकवणारा, कागदी कोनाचा, पंधरा वॅटच्या आत सुखाने नांदणारा प्राणी. त्याला कुणीतरी गिटारच्या ॲम्पला जोडलं, झेपेना इतकं वाजवलं, आणि तो जो किंचाळला त्या किंचाळण्यावर पुढे सगळं रॉक संगीत उभं राहिलं. कॅबिनेट उचलून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी हे सांगतो. त्यांना ते ऐकायचं नसतं. त्यांना मॉडेल नंबर हवा असतो.

माझं दुकान पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या अंगाला, एका जिन्याखाली. पाटीवर ‘स्पीकर रिपेअरिंग व रिकोनिंग’ एवढंच. पोट भरतं ते गणपतीवर आणि लग्नसराईवर. विसर्जन झालं की अठरा इंची बेसचे स्पीकर टेम्पोने येतात, कॉइल जळून कोळसा झालेली. गिटारवाल्या पोरांकडून पैसा सुटत नाही, पण त्यांच्या कामात मन रमतं. मी हात बसवला तो मर्फी आणि फिलिप्सच्या रेडिओंचे फाटके कोन पातळ कागद आणि सरसाने सांधून, आणि गिटारचा स्पीकर उलटा करून पाहिला की त्यात मला तोच जुना रेडिओवाला दिसतो. फक्त जरा गावभर हिंडून आलेला.

“काका, कंपनीचा काढून दुसरा टाकायचाय. कुठला टाकू?” हा ठरलेला प्रश्न. माझं उत्तरही ठरलेलं: बाळा, कुठल्या साली कुठल्या कारखान्याला काय परवडत होतं, ते तुला निवडायचंय. मग तो माझ्याकडे असा बघतो, की म्हातारं चळलंय.

पण गोष्ट खरी आहे, आणि ती अमेरिकेत सुरू होते. पीटर जेन्सन नावाचा एक डॅनिश माणूस तिकडे गेला आणि एडविन प्रिडहॅम या सोबत्याबरोबर कॅलिफोर्नियात त्याने ‘मॅग्नाव्हॉक्स’ हा कर्णा उभा केला. १९१५च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर जमलेल्या प्रचंड गर्दीला त्यांनी त्यावरून संगीत आणि भाषण ऐकवलं. आपल्याकडच्या प्रत्येक सत्यनारायणाच्या भोंग्याचा मूळपुरुष तो. पुढे १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन इंजिनिअरांनी कागदी कोन, त्याच्या बुडाशी तारेची कॉइल आणि ती लोहचुंबकाच्या खाचेत लोंबकळती, अशी रचना कागदावर नीट मांडली. शंभर वर्षं झाली, माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक स्पीकरचं पोट अजून तेच आहे. जेन्सनने मॅग्नाव्हॉक्स सोडून १९२७मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली, तिचं बस्तान शिकागोत बसलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लिओ फेंडरला जेव्हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये आपल्या गिटार ॲम्पसाठी स्पीकर हवे झाले, तेव्हा बाजारात हाताशी होते ते जेन्सनचे. निवड वगैरे काही नाही. मिळाले ते लावले.

त्या जेन्सनचा कोन पातळ, कॉइल लहान, चुंबक ॲल्निकोचा. म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचा. फेंडरच्या ‘बेसमन’ ॲम्पमध्ये दहा इंची चार जेन्सन असत. नावाप्रमाणे तो बेस गिटारसाठी. बेसवाल्यांना तो फार काही पसंत पडला नाही, पण साध्या गिटारवाल्यांनी त्याला उचलून धरलं, कारण आवाज वाढवला की तो फाटायचा आणि ते फाटणं कानाला गोड लागायचं.

या फाटण्याच्या मागे जरा आत जायला हवं. गिटारचा ॲम्प ताणला की तो तारेच्या सुरात नसलेले वरचे कर्कश सूर त्यात घालतो. हेच सिग्नल घरच्या हायफाय स्पीकरवर लावून बघा. डब्यात कोंडलेल्या गांधीलमाश्या. बारा इंची कागदी कोन मात्र पाच हजार हर्ट्झच्या वर हात टेकतो. त्याला ते सूर काढताच येत नाहीत. त्याच्या या नाकर्तेपणामुळेच वरचा सगळा कचरा गाळला जातो आणि खालचा भरीव आवाज उरतो. शिवाय हजारेक हर्ट्झनंतर कोन अख्खा एकसाथ हलायचं सोडून देतो. मधला भाग एकीकडे, कडा दुसरीकडे, अशा लहरी त्या कागदावर फिरू लागतात. हायफायच्या जगात हा दोष, तो घालवण्यासाठी तिथे लाखो रुपये खर्चतात. गिटारच्या जगात याच दोषाला स्वभाव म्हणतात आणि पैसे देऊन विकत घेतात.

मोडक्या स्पीकरचाही एक मानाचा इतिहास आहे. १९५१च्या मार्चमध्ये आइक टर्नरची मंडळी गाडीतून मेम्फिसला रेकॉर्डिंगला निघाली असताना त्यांच्यातल्या गिटारवाल्या विली किझार्टच्या ॲम्पचं नुकसान झालं. कुणी म्हणतं तो गाडीवरून पडला, कुणी म्हणतं पावसात भिजला. स्टुडिओवाल्या सॅम फिलिप्सने कोनात कागद कोंबला आणि तसंच रेकॉर्ड केलं. ‘रॉकेट ८८’ हे ते गाणं. पहिलं रॉक अँड रोल कोणतं या वादात त्याचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. १९५८ साली लिंक रेने ‘रंबल’ या धूनसाठी आपल्या ॲम्पच्या स्पीकरांना पेन्सिलीने भोकं पाडली. आणि १९६४ साली लंडनमध्ये ‘किंक्स’चा डेव्ह डेव्हिस, वय वर्षं १७, याने आपल्या लहानशा एल्पिको ॲम्पचा कोन ब्लेडने चिरला, त्या चिरलेल्या कोनाच्या आवाजावर ‘यू रियली गॉट मी’ ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरला गेलं. आमच्या धंद्याच्या दृष्टीने हे तिघेही गुन्हेगार. मी आयुष्यभर असे कोन सांधत आलो.

आता लंडनचीच वाट धरू, कारण माझ्याकडच्या मुलांच्या यादीतलं बहुतेक सगळं तिकडून आलंय. लंडनच्या कडेला थेम्सकाठी हॅम्प्टन विक नावाचं ठिकाण आहे. १९२४च्या सुमारास तिथे सेलेस्टियनचा धंदा सुरू झाला. रेडिओचे स्पीकर हीच त्यांची भाकरी. पुढे रोला नावाच्या कंपनीशी हातमिळवणी झाली आणि कारखाना थेम्स डिटनला गेला. १९५०च्या दशकाच्या शेवटी डार्टफर्डचा टॉम जेनिंग्ज ‘व्हॉक्स’ नावाने ॲम्प विकू लागला. त्याच्याकडचा डिक डेनी ॲम्पची मांडणी करायचा. त्यांना ब्रिटिश बनावटीचा, जरा दणकट स्पीकर हवा होता. सेलेस्टियनने आपला रेडिओ-जमान्यातला जी-१२ घेतला, थोडा फार बदलला आणि दिला. व्हॉक्सच्या मागणीनुसार त्याला निळा रंग. झेपायचे १५ वॅट. ‘एसी-३०’ या ३० वॅटच्या ॲम्पमध्ये असे दोन बसवले की हिशेब अगदी काठोकाठ. शॅडोज आणि बीटल्स हे दोघेही याच ॲम्पचे.

निळ्या सेलेस्टियनची एक गोष्ट कागदावर बघून मुलांचे डोळे चमकत नाहीत, पण चमकायला हवेत. एक वॅट दिला आणि एक मीटरवर मापलं, तर तो १०० डेसिबल देतो. पुढे यावर पुन्हा येईन.

जिम मार्शल हा ड्रम वाजवणारा आणि ड्रम शिकवणारा माणूस. हॅनवेलला अक्सब्रिज रोडवर त्याचं वाद्यांचं दुकान. पोरं यायची, ड्रम शिकायची, आणि त्यांच्याबरोबर येणारे गिटारवाले तक्रार करायचे, की अमेरिकन ॲम्प परवडत नाहीत आणि इंग्लिश ॲम्पना दम नाही. १९६२मध्ये त्याने केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या पोरांना हाताशी धरून फेंडरचा बेसमन समोर ठेवला आणि त्याची इंग्लिश नक्कल केली. नक्कल म्हणजे सर्किटची. स्पीकर मात्र दहा इंची जेन्सन कुठून आणणार? इंग्लंडमध्ये हाताशी होता तो बारा इंची सेलेस्टियन. दोन लावून बघितले, ते फुटले. मग चार लावले. चार बसतील एवढा खोका, मागून पूर्ण बंद. बेसमनचा खोका मागून उघडा, हा बंद. तेवढ्या फरकाने खालचा आवाज मुठीत आला आणि छातीवर बसू लागला. आज ज्याला जगभर ‘फोर बाय ट्वेल्व्ह’ म्हणतात तो खोका असा, १५-२० वॅटचे स्पीकर एकेकटे टिकत नाहीत म्हणून जन्माला आला.

वरचे दोन स्पीकर किंचित मागे कललेले का, हे मला एका मुलाने विचारलं होतं. मुख्यतः रूप. वर ठेवलेला ॲम्प आणि खालचा खोका यांची रेघ जुळावी म्हणून. त्याने थोडा आवाज वादकाच्या कानाकडे जातो, हा फायदा वरकड.

१९६५च्या सुमारास ‘द हू’च्या पीट टाउनशेंडला आणखी आवाज हवा झाला. ॲम्प १०० वॅटचा झाला आणि खोका आठ स्पीकरांचा. तो उचलायला माणसं कमी पडू लागली. तेव्हा मार्शलने तोच मधून कापल्यासारखे दोन खोके केले आणि एकावर एक रचले. रंगमंचावरची ती काळी भिंत, जिचे फोटो मुलं खोलीत लावतात, ती हमालांच्या पाठीची सोय आहे. पुढच्या वर्षी लंडनला आलेल्या जिमी हेंड्रिक्सने मार्शलकडून असेच रचे घेतले. हेंड्रिक्सचं पूर्ण नाव जेम्स मार्शल, आणि दुकानदार जेम्स चार्ल्स मार्शल. हेंड्रिक्सचा ड्रमवाला मिच मिचेल हा तर याच दुकानात कामाला असलेला पोरगा. गावात कसं, कोण कुणाचा कोण ते पाहिलं की सगळे पाहुणेच निघतात.

१०० वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प पूर्ण ताणला की १५०च्याही वर जातो. चार गुणिले वीस म्हणजे ऐंशी. कुठला स्पीकर टिकणार? इथे सेलेस्टियनने दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही परवडण्याच्या पोटी. कोबाल्ट महाग, म्हणून ॲल्निको टाकून सिरॅमिकचा चुंबक घेतला. सिरॅमिक म्हणजे लोखंडाच्या गंजाचीच जरा पुढची आवृत्ती. स्वस्त, पण जड आणि बसकट. त्यावर हिरवं प्लास्टिकचं टोपण घातलं. हा जी-१२एम, म्हणजेच मुलांचा ‘ग्रीनबॅक’. आधी २० वॅट, मग २५. त्याचाच मोठा भाऊ जी-१२एच, ३० वॅटचा. धाकट्याचा चुंबक ३५ औंसाचा, याचा ५०. चार एच लावले की १२० वॅट होतात, म्हणजे १०० वॅटच्या ॲम्पखाली निदान कागदावर तरी जीव वाचतो.

कागदावर म्हणतोय. प्रत्यक्षात ग्रीनबॅक मरत राहिले, आणि मरताना फार सुरेख वाजत राहिले. कॉइल तापली की तिचा विरोध वाढतो, आवाजाची टोकं आपोआप दबतात, कोन थकतो. १९६०च्या शेवटच्या वर्षांतल्या ब्रिटिश गिटारचा जो दाट, जरा कुरकुरता आवाज आपण रेकॉर्डवर ऐकतो, तो शेवटच्या घटका मोजणाऱ्या स्पीकरचा आवाज आहे, असं मी म्हटलं तर मुलांना वाटतं काका नाटकी बोलतात. मी जळालेल्या कॉइली उलगडून पाहिल्या आहेत. नाटक काही नाही त्यात.

एका ग्रीनबॅकचं सांगतो. मुंबईच्या एका वादकाने पाठवला होता, लेबलवर थेम्स डिटनचा पत्ता, म्हणजे इप्सविचच्या आधीचा माल. सेलेस्टियनने १९६८पासून हळूहळू बस्तान इप्सविचला हलवलं, त्यामुळे जुन्या डिटनच्या लेबलला शौकीन हळदी-कुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवतात. कोन मधल्या टोपीपासून कडेपर्यंत उभा फाटलेला आणि कॉइल बसलेली. बोटांनी दाबलं की खर्र आवाज. कोन सांधून भागण्यासारखं नव्हतं.

आधी कडेची गॅस्केट ब्लेडने उचलायची, अखंड निघाली तर पुन्हा वापरता येते. मग कोन आणि खालचा पिवळट नालीदार कापडी स्पायडर सॉल्व्हंटने भिजवून, सरस नरम झाला की ओढून काढायचा. उरते ती लोखंडी बास्केट आणि चुंबकाची खाच. खाच म्हणजे जेमतेम नखाच्या जाडीची गोल चीर; पन्नास वर्षांत तिच्यात लोखंडाचा कीस, गंज आणि जळक्या कॉइलची राख साठलेली असते. चुंबक तो कीस सोडत नाही. फुंकून काही होत नाही. चिकटपट्टीची पुंगळी करून चिकट बाजू बाहेर ठेवायची, खाचेत फिरवायची, काढायची, फेकायची, पुन्हा नवी. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. या कामाला मी कुणाला बसवत नाही, कारण पोरं कंटाळतात आणि एक कण राहिला तरी तो आयुष्यभर घासतो.

मग नवी कॉइल खाचेत उभी करायची. तिच्या आणि मधल्या लोखंडी खांबाच्या मध्ये जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या चारी बाजूंनी घालायच्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्यात आणि ताठ राहते. एक्स-रे आता डॉक्टर मोबाइलवर पाठवतात, फिल्म मिळेनाशी झाली. माझ्याकडे ओळखीच्या हाडवैद्याने दिलेला गठ्ठा आहे, कुणाकुणाच्या बरगड्या त्यात. स्पायडर चिकटवायचा, त्यावर कोन उतरवायचा, कोन, कॉइल आणि स्पायडर जिथे भेटतात तिथे सरसाची एकसारखी माळ. कॉइलच्या तारा कोनाला पाडलेल्या भोकांतून वर घेऊन लवचिक वेणीला झाळायच्या. कडेला वजन ठेवायचं. रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी फिल्मच्या पट्ट्या ओढून काढल्या आणि दोन्ही अंगठ्यांनी कोन समतोल दाबला, आणि जर काहीच ऐकू आलं नाही तर काम झालं. मग टोपी चिकटवायची. नऊ व्होल्टची बॅटरी लावून पाहायचं: धन टोकाला धन लावलं की कोन पुढे यायला हवा. जेबीएल या अमेरिकन कंपनीचे जुने स्पीकर याच्या उलटे वागतात, तिथे लाल टोकाला धन लावलं की कोन आत जातो. म्हणून जेबीएल आणि दुसरा स्पीकर एका खोक्यात घालून आवाज पोकळ आला, तर आधी तारा उलटवून बघावं, मग कंपनीला शिव्या द्याव्यात.

तो ग्रीनबॅक वाजू लागला. पण त्याचा मालक म्हणाला, पूर्वीसारखा नाही. खरं होतं त्याचं. कोन बदलला की आवाज बदलतो. चुंबकाहून जास्त कोन बोलतो. या धंद्यातले जुने लोक पल्सॉनिक नावाच्या इंग्लिश कारखान्याचं नाव काढतात. सेलेस्टियनचे कोन तो बनवायचा, लगदा साच्यात घालून. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे आग लागली आणि तो कागद संपला, असं ते सांगतात. पुढचे कोन दुसऱ्यांनी बनवले. चांगलेच बनवले. पण शौकिनाला सांगून उपयोग नसतो. कागद म्हणजे लगदा, पाणी आणि साच्यातला दाब. ते एका हातचं दुसऱ्या हाती तसंच्या तसं जात नाही, आपल्याकडे पापडाच्या पिठाबद्दल बायका जे बोलतात त्याहून वेगळं मी काही सांगत नाही.

अमेरिकेत तेव्हा दुसराच खेळ चालला होता. डिक डेल नावाचा समुद्रकाठचा सर्फ गिटारवाला लिओ फेंडरचे ॲम्प आणि स्पीकर ओळीने जाळत होता. शेवटी त्याच्यासाठी पंधरा इंची जेबीएल लावायचं ठरलं आणि ‘शोमन’ हा ॲम्प निघाला. जेबीएलचा स्पीकर जड, महाग, फाटायला नाखूश, स्वच्छ आवाजाचा. जेबीएल बसवलेले फेंडरचे ‘ट्विन रिव्हर्ब’ आजही कुणी आणले तर त्यांचा लखलखाट ओळखू येतो. १९६५च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएसने १ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. १९६६मध्ये बॉब गॉल्टने केंटकीतल्या एमिनन्स नावाच्याच गावात एमिनन्सचा कारखाना काढला, आणि अम्पेग ही ॲम्पवाली कंपनी त्याचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. आज तुमच्या ॲम्पमध्ये अमेरिकन नाव असलेला पण जेन्सन नसलेला स्पीकर निघाला, तर बरेचदा तो तिथला असतो. जुन्या अमेरिकन स्पीकरच्या बास्केटवर छापलेला आकडाही वाचायला शिकावं. २२० ने सुरू झाला तर जेन्सन, ४६५ तर ऑक्सफर्ड. पुढचे आकडे साल आणि आठवडा. विकणारा काय म्हणतो त्यापेक्षा ते आकडे खरे बोलतात. एकाने माझ्यापुढे ‘पन्नासच्या दशकातला जेन्सन’ म्हणून आणलेला स्पीकर ४६५वाला होता.

१९७८ साली आफ्रिकेतल्या झाईरमध्ये शाबा प्रांतात बंडखोर घुसले. जगाचं बरंचसं कोबाल्ट तिथल्या खाणींतून येई, भाव कडाडले. ॲल्निकोवर अडून बसलेल्या जेबीएललाही मग फेराइटकडे, म्हणजे त्याच सिरॅमिककडे, वळावं लागलं. गिटारवाल्याच्या कानापर्यंत कुठली बातमी कशी पोहोचते बघा. आजही ॲल्निकोचा निळा सेलेस्टियन सिरॅमिकवाल्याच्या दुप्पट किमतीला जातो, त्यात रंगाचे पैसे कमी आणि धातूचे जास्त. दबावाखाली ॲल्निको जरा मऊ होतो, मान्य. पण ॲल्निकोमध्ये काही दैवी आहे असं जे बोललं जातं, त्यातलं निम्मं मला तरी कोनाचं आणि उरलेलं जाहिरातीचं वाटतं.

१९८०च्या दशकात मार्शलमध्ये ७५ वॅटचे जी-१२टी-७५ आले. आता स्पीकर जळेना. लोक म्हणाले, आवाजातला जीव गेला. मग सेलेस्टियनने १९८६मध्ये जुन्या निळ्याला पुन्हा समोर ठेवलं आणि त्याच्यासारखा पण ६० वॅट झेपणारा सिरॅमिक स्पीकर काढला: ‘व्हिंटेज ३०’. नावात तीस, ताकद साठ, वडिलांच्या चौपट. वरच्या मध्यम सुरांत याची एक टोचणी आहे, ती गिटारला ढोल-ताशातूनही पुढे आणते. १९९०नंतर मेसा बूगी या ॲम्पवाल्या कंपनीने तो आपल्या खोक्यांत घातला आणि हेवी मेटलवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. बारीक खोलीत एकटं वाजवायचं असेल तर हीच टोचणी पाचव्या मिनिटाला नकोशी होते.

कारखान्यांचं पुढचं थोडक्यात. १९९०च्या दशकात सेलेस्टियन हाँगकाँगच्या गोल्ड पीकच्या छत्राखाली गेली, २०००नंतर बरंचसं उत्पादन चीनला हललं, निवडक माल इप्सविचला राहिला. जेन्सन नावाचे स्पीकर आता इटलीत बनतात. चिनी ग्रीनबॅक इंग्लिशपेक्षा वाईट, हे मी टेबलावर सिद्ध करू शकत नाही, आणि जे ठासून सांगतात त्यांनाही डोळे बांधून ओळखता येईल असं मला वाटत नाही. २०१७पासून सेलेस्टियन आपल्या स्पीकरांचे आवाज फाइल म्हणून विकते. चुंबक नाही, कोन नाही, हेडफोन लावा आणि ग्रीनबॅक ऐका. एका मुलाने मला ऐकवलं. बरोबर आहे, अगदी बरोबर आहे. फक्त पँटचा पाय हलत नाही.

तर, कुठला टाकायचा.

पहिल्यांदा ओम. व्हॉल्व्हच्या ॲम्पला मागे जे लिहिलंय तेच द्यायचं, आठला आठ, सोळाला सोळा. चार स्पीकरांच्या खोक्यात सोळा ओमचे दोन-दोन मालिकेत आणि त्या दोन जोड्या समांतर, की पुन्हा सोळाच मिळतात. त्यातला एक बदलून आठचा बसवलात तर हिशेबही बिघडतो आणि वॅट कुठे जास्त, कुठे कमी जातात. मल्टिमीटरवर आठचा स्पीकर साडेसहाच्या आसपास दाखवतो आणि सोळाचा बारा-तेरा. आठ दिसत नाही म्हणून फसवलं असं समजून दुकानदाराशी भांडायला गेलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि स्पीकर काढून ठेवून ॲम्प चालू करायचा नाही. ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो स्पीकरहून महाग.

मग डेसिबल. निळ्याचे १०० मी वर सांगितले. टी-७५चे ९७. तीन डेसिबल म्हणजे ॲम्प दुप्पट वॅटचा घेतल्याइतका फरक. १५ वॅटच्या लहान ॲम्पला ड्रमवाल्यासमोर उभं करायचं असेल तर नवा ॲम्प घेण्याआधी जास्त डेसिबलचा स्पीकर घ्यावा, आणि घरात शेजाऱ्यांचे टोमणे चुकवायचे असतील तर कमी डेसिबलचा. वॅटकडे मुलं पहिल्यांदा बघतात; मी शेवटी. ॲम्पपेक्षा दीड-दोन पट ठेवा आणि विसरा. ज्याला तो जुना मरणारा आवाज हवा, त्याने काठावर ठेवावा आणि माझा पत्ता जवळ ठेवावा.

मागून उघड्या लहान खोक्यात व्हिंटेज ३० मला कर्कश वाटतो, तिथे ग्रीनबॅक किंवा जेन्सनच्या जातीचा बरा. बंद खोक्यात उलट. दोन वेगळे स्पीकर एकत्र घालायला हरकत नाही, फक्त डेसिबल जवळपास हवेत, नाहीतर कमीवाला नुसता बसून राहतो. नवा स्पीकर पहिल्या दिवशी ताठ वाजतो. काही तास वाजवला की कड आणि स्पायडर सैल होतात. आठवडाभर थांबून मग नावं ठेवावीत.

हे सगळं मुलगा शांतपणे ऐकून घेतो. खोका उघडा आहे, ॲम्प पंधरा वॅटचा आहे, वाजवणार घरातच, हे त्यानेच मला सांगितलेलं असतं. मग म्हणतो, “काका, व्हिंटेज ३०च टाका. मित्राकडे तोच आहे.” मी विचारतो, आठ ओमचा मागवू की सोळाचा? तो खिशातून फोन काढतो आणि मित्राला लावतो.